एका क्लिकला किती तार?

शिमानोच्या टिआग्रा मालिकेतल्या ४६०० आणि ४७०० या दोन पिढ्या घ्या. दोन्ही रोड सायकलींसाठी, दोन्हींत मागे दहा गिअर, दोन्हींवर नाव एकच. तरीही ४६०० चा शिफ्टर आणि ४७०० चा मागचा डिरेलर एकाच सायकलीवर बसवला, तर गिअर नीट पडत नाहीत. एखाद-दोन गिअर बरोबर लागतात, बाकीच्यांवर चेन दोन चक्रांच्या मध्ये खरवडत राहते. बॅरल ॲडजस्टर फिरवून एक टोक जुळवावं तर दुसरं बिघडतं. सायकलवाल्याला वाटतं, आपल्यालाच सेटिंग जमत नाही. मग तो अर्धा रविवार स्टँडपुढे घालवतो, नवी केबल आणतो, डिरेलर ज्याला टांगलेला असतो तो हँगर वाकलाय का बघतो. खरं तर त्या दोन वस्तू एकमेकींसाठी बनलेल्याच नसतात.

मुंबईच्या उपनगरांत हा घोळ वारंवार होतो, कारण इथे तयार टूरिंग सायकल घेणारे थोडे आणि असलेल्या सायकलीची टूरिंग सायकल करणारे जास्त. ऑफिसला जायला घेतलेली हायब्रीड, भावाची जुनी एमटीबी किंवा ब्रेव्हेसाठी, म्हणजे लांब पल्ल्याच्या राइडसाठी, घेतलेली रोड बाइक, यांपैकी एखादीवर कॅरिअर चढतो, पॅनियर लटकतात आणि मग पहिल्याच घाटात कळतं की हलका गिअर कमी पडतोय. तिथून सुट्या भागांची खरेदी सुरू होते. कॅसेट एका दुकानातून, डिरेलर कुणाच्या तरी वापरलेल्या सामानातून, शिफ्टर सवलतीत दिसला म्हणून. प्रत्येक वस्तू चांगली असते, पण सगळ्या मिळून सायकल चालत नाही.

या खरेदीची सुरुवात शिफ्टरपासून होते, हीच मूळ अडचण आहे. हाताला लागणारी, डोळ्यांत भरणारी वस्तू ती. वास्तविक सुरुवात रस्त्यापासून व्हायला हवी.

उपनगरातून बाहेर पडणाऱ्याला रस्ते ठरलेले आहेत. मुलुंड-घाटकोपरकडचा सायकलस्वार मुलुंड चेकनाका ओलांडून ठाणे, भिवंडी, शहापूर करत कसाऱ्याला पोहोचतो आणि थळ घाट चढून इगतपुरीला निघतो. पुण्याकडे जायचं तर एक्स्प्रेस-वेवर सायकलीला मज्जाव, म्हणून पनवेलवरून जुना रस्ता, खोपोली आणि तिथून बोरघाट. शिंग्रोबाच्या देवळाजवळचा चढ अंधेरी-बोरिवलीच्या सायकलवाल्यांना पाठ असतो. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचं ते देऊळ. तिथे थांबून पाणी पिण्याचं निमित्त देवदर्शनाचं असतं आणि कारण बहुतेकदा मांड्यांचं असतं.

मात्र गिअरची खरी परीक्षा घेतो तो कोकणचा किनारा. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडव्याला उतरायचं, अलिबाग, रेवदंडा, मुरूड करत आगरदांड्याला फेरी धरून दिघीला जायचं. पुढे दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बागमांडला ते वेसवी दुसरी फेरी, मग केळशी, आंजर्ले, हर्णै, दाभोळ. दाभोळ ते धोपावे तिसरी फेरी, गुहागर, हेदवी, तवसाळहून जयगड ही चौथी, आणि मग गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी. नकाशावर हा रस्ता समुद्राला लागून दिसतो म्हणून सपाट वाटतो. प्रत्यक्षात तो खाडीला उतरतो, कातळाच्या सड्यावर चढतो आणि पुन्हा पुढच्या खाडीला उतरतो. बोरघाट एकदाच चढायचा असतो. इथले चढ लांबीला छोटे, पण आठ-दहा टक्क्यांचे आणि दिवसातून कितीतरी वेळा. वर सामान, ऑक्टोबरचं ऊन आणि घामाने निसटणारी मूठ.

इथे थोडं गणित मांडलं की पुढची बरीच खरेदी आपोआप ठरते. ७०० बाय ३२ चा टायर एका फेऱ्यात साधारण २.१५ मीटर जातो. बऱ्याच रोड सायकलींवर सगळ्यात हलका गिअर असतो पुढे ३४ दाते, मागे २८. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्याला सायकल २.६ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे ही चढावर फार आरामाची गती नाही, पण तीच धरली तरी वेग होतो ताशी साडेनऊ किलोमीटरच्या आसपास. आता स्वार ६५ किलोचा, सायकल १४ ची आणि सामान १६ किलो असं ९५ किलोचं ओझं धरा. आठ टक्क्यांच्या चढावर या वेगाने निव्वळ गुरुत्वाशी झगडायला १९५ वॉट लागतात. रस्त्याचं घर्षण आणि समोरचा वारा वेगळा. नियमित सराव नसलेल्या माणसाला हे दहा मिनिटं जमतं, दिवसभर नाही. तेवढी ताकद नसली की फेरे ६० वरून ४० वर येतात, आणि त्याची किंमत गुडघे मोजतात.

पुढे २६ आणि मागे ३४ दाते असतील तर एका फेऱ्याला सायकल १.६५ मीटरच जाते. त्याच ६० फेऱ्यांना वेग ताशी सहा किलोमीटर, आणि चढाला लागणारी ताकद १२३ वॉट. हा वेग चालणाऱ्या माणसापेक्षा थोडाच जास्त आहे. पण सायकल चालत राहते, श्वास टिकतो आणि संध्याकाळी मुक्कामाला पोहोचल्यावर जेवण जातं. टूरिंगचा गिअर निवडायचा तो या आकड्यासाठी. पुढच्या लहान चक्रापेक्षा मागचं मोठं चक्र मोठं असलं पाहिजे, एवढी एक अट कागदावर लिहून ठेवली तरी निम्मी चुकीची खरेदी टळते.

गंमत म्हणजे ही अट महागड्या रोड सायकलींपेक्षा स्वस्त एकवीस गिअरच्या सायकली सहज पुऱ्या करतात. पुढे ४२-३४-२४ चा तिहेरी क्रँक आणि मागे १४ ते ३४ चं फ्रीव्हील असेल तर हलका गिअर कुठल्याही घाटाला पुरतो. अशा सायकलीत अडचण निघते ती मागच्या हबची. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजव्या बाजूचे छर्रे फ्रीव्हीलच्या आत, मध्याच्या दिशेने बसलेले असतात आणि एक्सलचा बराच भाग आधाराशिवाय लोंबतो. सात चक्रांच्या जाडीमुळे तो भाग आणखी लांबतो. मागे पॅनियर लादून खड्ड्यांतून गेलं की एक्सल वाकतो, कधी मोडतो. कॅसेटच्या हबमध्ये छर्रे फ्रेमच्या जवळ असतात, म्हणून तो टिकतो. त्यामुळे अशा सायकलीवर पैसे घालायचेच असतील तर पहिला खर्च कॅसेट हब असलेल्या मागच्या चाकाचा. ते घेताना फ्रेमच्या मागच्या दोन टोकांमधलं अंतर मोजायचं. एमटीबी आणि हायब्रीडला बहुधा १३५ मिलिमीटर असतं, रिम ब्रेकच्या रोड सायकलीला १३०. डिरेलर, शिफ्टर सगळं नंतर.

आता त्या न जुळणाऱ्या जोडीकडे वळू.

गिअरला क्लिक नव्हतं तेव्हा हा प्रश्नच नव्हता. मुंबईतून १९२३ साली आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा पृथ्वीप्रदक्षिणेला सायकलने निघाले. सोबत आणखी तिघे होते, पण प्रदक्षिणा या तिघांनीच पुरी केली. सुमारे ७१ हजार किलोमीटर करून ते १९२८ मध्ये परतले. त्या काळी डिरेलर नुकता कुठे रांगू लागला होता. टूर द फ्रान्समध्ये त्याला परवानगी मिळाली ती थेट १९३७ साली. पुढे अनेक दशकं डिरेलर चालायचा तो घर्षणाच्या दांडीवर. दांडी हवी तेवढी ओढायची, चेन दुसऱ्या चक्रावर गेली की कानाला कळायचं, खरखर आली तर दांडी जरा मागेपुढे करायची. कुठली दांडी, कुठला डिरेलर, कितीचं फ्रीव्हील, याला फारसा अर्थ नव्हता. जुळवणी माणसाचा हात करत होता.

शिमानोने १९८४ मध्ये ड्युरा-एसवर क्लिकचे गिअर आणले. १९९० च्या सुमारास शिफ्टर ब्रेकच्या लिव्हरमध्येच आला. चालवणाऱ्याचं काम सोपं झालं, पण हाताचं काम आता यंत्राच्या मापांनी करायचं होतं. प्रत्येक क्लिकला शिफ्टर ठरावीक लांबीची तार ओढतो. डिरेलर त्या लांबीला एका ठरावीक गुणकाने वाढवून तेवढा आडवा सरकतो. आणि ते सरकणं कॅसेटच्या दोन चक्रांमधल्या अंतराएवढं असावं लागतं. तारेची ओढ गुणिले डिरेलरचा गुणक बरोबर चक्रांमधलं अंतर. सुसंगती म्हणतात ती ही एवढीच.

आकडे घालून बघू. शिमानोच्या नऊ गिअरच्या शिफ्टरची ओढ क्लिकला सुमारे २.५ मिलिमीटर. त्या काळच्या डिरेलरचा गुणक १.७. गुणाकार ४.२५. नऊच्या कॅसेटवर चक्रांमधलं अंतर ४.३५. जुळलं. आठच्या शिफ्टरची ओढ २.८, गुणक तोच १.७, उत्तर ४.७६, आणि आठच्या कॅसेटचं अंतर ४.८. हेही जुळलं. टिआग्रा ४६०० चा दहाचा शिफ्टर २.३ ओढतो, १.७ ने गुणलं की ३.९, आणि दहाच्या कॅसेटचं अंतर ३.९५. म्हणजे आठ, नऊ आणि जुन्या दहापर्यंत डिरेलरचा गुणक एकच होता, बदलत होता तो फक्त शिफ्टर.

टिआग्रा ४७०० मध्ये शिमानोने नव्या अकरा गिअरच्या रोड मालिकांचा गुणक घेतला, साधारण १.४. त्यावर ४६०० चा शिफ्टर लावला तर २.३ गुणिले १.४ म्हणजे ३.२. प्रत्येक क्लिकला पाऊण मिलिमीटरची तूट. पाच क्लिकमध्ये ती साडेतीन मिलिमीटरच्या वर जाते, म्हणजे जवळजवळ एक अख्खं चक्र मागे. बॅरल ॲडजस्टर तारेचा ताण बदलतो, क्लिकची ओढ बदलत नाही. म्हणूनच तो फिरवून उपयोग होत नाही.

यातूनच एक चांगली चाचणी निघते. गिअर सगळीकडे सारखेच चुकत असतील तर ताण कमी-जास्त आहे, ॲडजस्टर फिरवला की प्रश्न मिटतो. एका टोकाला बरोबर आणि दुसऱ्या टोकाकडे जाताना चूक वाढत जात असेल, तर बहुधा जोडच बेमेळ आहे. त्यापुढे स्टँडवर वेळ घालवू नये.

एमटीबीच्या बाजूला हीच फूट २०१० च्या सुमारास पडली. नऊ गिअरपर्यंत शिमानोच्या एमटीबी डिरेलरचा गुणक रोडसारखाच १.७ होता. दहा गिअरच्या डायना-सिस पिढीत तो १.२ झाला आणि शिफ्टरची ओढ वाढून ३.४ वर गेली. चिखल आणि घाणीने तारेत थोडा अडथळा आला तरी परिणाम कमी व्हावा, हा त्यामागचा विचार, आणि एमटीबीसाठी तो योग्यच होता. पण दहाचा डिओरे डिरेलर आणि दहाचे रोड शिफ्टर एकत्र आणणाऱ्याला क्लिकमागे सव्वा मिलिमीटरची तूट मिळते. दहा आणि दहा सारखे दिसतात म्हणून लोक हीच जोडी सगळ्यात आधी आणतात.

मागच्या डिरेलरला स्वतःचं क्लिक नसतं. आपण नवव्यात आहोत की सातव्यात, हे त्याला कळत नाही. तार ओढली की तो सरकतो, इतकंच. त्यामुळे त्याच्यावर लिहिलेल्या गिअरच्या संख्येपेक्षा त्याचा गुणक महत्त्वाचा. आठचा शिफ्टर आणि नऊचा एमटीबी डिरेलर मजेत चालतात. दहाचे जुने रोड शिफ्टर, म्हणजे टिआग्रा ४६०० किंवा १०५ ची ५७०० मालिका, आणि नऊचा एमटीबी डिरेलर ही तर टूरिंगवाल्यांची जुनी आवडती जोडी आहे. हाताला वळणदार हँडलवरचे रोड शिफ्टर, मागे ३४ किंवा ३६ दात्यांचं चक्र गिळणारा लांब डिरेलर.

हा काही गॅरेजमधला जुगाड नव्हे. ट्रेकची ५२० ही टूरिंग सायकल १९८३ साली आली. तिच्या नऊ गिअरच्या आवृत्तीत कंपनीनेच सोराचे रोड शिफ्टर आणि अलिव्हिओचा एमटीबी डिरेलर एकत्र बसवले, पुढे ४८-३६-२६ चा ट्रेकिंग क्रँक दिला. सर्लीच्या लाँग हॉल ट्रकरवरही पुढचे आकडे तेच होते, फक्त शिफ्टर हँडलच्या टोकाला. जगभर सामान लादून फिरणाऱ्या सायकलींनी हे मिश्रण वर्षानुवर्षं वाहून दाखवलं आहे. मुंबईतून सह्याद्रीत जाणाऱ्याने नवं काही शोधण्याआधी हे घेऊन बघावं, असं ठामपणे सांगता येतं. अकरा-बारा गिअरचं आकर्षण समजण्यासारखं आहे, पण गुहागरच्या बाजारात बाराची चेन मागायला कुणी जाऊ नये. आठ किंवा नऊची मिळण्याची शक्यता तरी असते.

गुणक जुळला की दुसरा हिशेब क्षमतेचा. पुढच्या मोठ्या आणि लहान चक्रांतला फरक अधिक मागच्या मोठ्या आणि लहान चक्रांतला फरक, एवढी ढिली चेन डिरेलरच्या पिंजऱ्याला ताणून धरता आली पाहिजे. ४८-३६-२६ आणि ११-३४ घेतलं तर २२ अधिक २३, म्हणजे ४५. एमटीबीच्या लांब पिंजऱ्याचे डिरेलर या आकड्याजवळ पोहोचतात, रोडचे बहुधा नाही. शिमानोच्या कोडात लांब पिंजऱ्याला एसजीएस म्हणतात, मधल्याला जीएस. क्षमता थोडी कमी पडली तर पुढे लहान, मागे लहान अशा गिअरमध्ये चेन लोंबेल, आणि तो गिअर तसाही वापरायचा नसतो. चेन आखूड कापली गेली तर मात्र प्रकरण गंभीर. पुढे मोठं, मागे मोठं असा गिअर चुकून पडला की आखूड चेन डिरेलर उपटून काढते. म्हणून लांबी ठरवताना चेन डिरेलरमधून न घेता थेट दोन्ही मोठ्या चक्रांवरून गुंडाळायची, जिथे जुळेल तिथून एक इंच आणखी ठेवायची आणि मगच तोडायची.

पुढचा डिरेलर हा वेगळा ताप. मागे रोड आणि एमटीबी वर्षानुवर्षं गुण्यागोविंदाने नांदले, पुढे कधीच नाही. रोडच्या डाव्या शिफ्टरची ओढ एमटीबीच्या पुढच्या डिरेलरला जुळत नाही. त्यामुळे रोडचे शिफ्टर ठेवायचे असतील तर पुढचा डिरेलरही रोडचाच ठेवावा. त्याच्या पिंजऱ्याचा बाक पन्नासच्या आसपास दात्यांच्या चक्राला बेतलेला असतो. ४८ चं मोठं चक्र त्याला चालून जातं, ४२ किंवा ४४ चा एमटीबी क्रँक लावला की बाक आणि चक्र यांच्यात फट पडते आणि चेन बदलताना अडखळते. पिंजऱ्याचा खालचा काठ मोठ्या चक्राच्या दात्यांवरून जाताना एक ते तीन मिलिमीटर अंतर राहिलं पाहिजे. शिवाय एमटीबीचा क्रँक चक्रांना फ्रेमपासून काही मिलिमीटर बाहेर ठेवतो, तिथपर्यंत रोडचा डिरेलर पोहोचेलच असं नाही.

यावरचा सगळ्यात सरळ उपाय म्हणजे डावीकडे क्लिकच नको. हँडलच्या टोकाला बसणाऱ्या बार-एंड शिफ्टरमध्ये डावी दांडी घर्षणाची असते. कुठलाही क्रँक, कुठलाही पुढचा डिरेलर, तिला फरक पडत नाही. काही बार-एंडमध्ये उजवी दांडीही एक खटका फिरवून क्लिकवरून घर्षणावर आणता येते. घाटात हँगर वाकला, क्लिक बिघडले, तरी माणूस घरी येतो. लांबच्या प्रवासाला निघणारे अजूनही ही जुनी दांडी का निवडतात, याचं उत्तर एवढ्यात आलं. हँडलच्या टोकाला हात न्यावा लागतो, ही तिची अडचण खरी. अंधेरीच्या उड्डाणपुलाखाली रिक्षांच्या गर्दीत ती जाणवते, कोकणात नाही.

दुसऱ्या वाटाही आहेत. तारेची ओढ मध्येच बदलणारी छोटी पुली मिळते. वुल्फ टूथची टॅनपॅन रोडच्या शिफ्टरने एमटीबीचा नवा डिरेलर चालवते. मायक्रोशिफ्टची ॲडव्हेंट मालिका नऊ गिअरमध्ये वळणदार हँडलचे शिफ्टर, क्लचचा डिरेलर आणि मोठी कॅसेट असा पूर्ण संच देते, मात्र तो संच म्हणूनच घ्यायचा. स्रॅमच्या दहा गिअरच्या रोड आणि एमटीबी भागांत गुणक एकच असल्याने ते आपसांत चालतात, शिमानोशी नाही.

शिमानोने २०२३ मध्ये क्यूज आणलं आणि चित्र पुन्हा बदललं. क्यूजच्या लिंकग्लाइड कॅसेटमध्ये नऊ, दहा आणि अकरा तिन्हींत चक्रांमधलं अंतर एकच, चेनही एकच. आता वळणदार हँडलसाठीही क्यूज आलं आहे. नव्याने सगळं घेणाऱ्याला हे सोयीचं, कारण पुढे गिअरची संख्या वाढवताना सगळं बदलावं लागत नाही. पण जुन्या नऊच्या सोरा-अलिव्हिओशी क्यूजचं नऊ जुळत नाही. आकडा तोच, अंतर वेगळं. दुकानात नुसतं नाइन स्पीड मागून आता भागत नाही.

म्हणून वस्तू हातात आली की कोड वाचायचा. डिरेलर उलटा करून मोबाइलच्या टॉर्चने बघितलं की मागच्या बाजूला, ग्रीसच्या काळ्या थराखाली, तो कोरलेला दिसतो. कापडाने पुसून घ्यायचा. आरडी म्हणजे मागचा डिरेलर, एफडी पुढचा, एसटी ब्रेकसकट शिफ्टर, एसएल नुसता शिफ्टर, सीएस कॅसेट, एफसी क्रँक. डॅशनंतर एम असेल तर एमटीबी, टी असेल तर ट्रेकिंग, आर म्हणजे रोड, आणि जुन्या रोड भागांवर नुसताच आकडा. आरडी-एम४००० म्हणजे अलिव्हिओ, नऊचा, जुना गुणक. वापरलेलं सामान विकणारा बहुधा फोटो समोरून काढतो, जिथे चकचकीत नाव असतं. फोटो मागून मागवावा.

इतकं करूनही बारीक वाटणारी एक गोष्ट सगळ्यावर पाणी फिरवते. ती म्हणजे तारेचं आऊटर. ब्रेकचं आऊटर आतून स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं असतं, गिअरचं सरळ उभ्या तारांचं. ब्रेकचं आऊटर गिअरला लावलं तर वळणावर ते किंचित दबतं, आणि चार मिलिमीटरच्या हिशेबात ते किंचितही खूप असतं. उलटा प्रयोग धोक्याचा आहे. गिअरचं आऊटर ब्रेकला लावलं तर जोरात दाबल्यावर फुटू शकतं. नाक्यावरच्या दुकानात दोन्ही काळ्या गुंडाळ्या शेजारी टांगलेल्या असतात, तेव्हा कापलेलं टोक डोळ्यांनी बघून घ्यावं. मुंबईच्या पावसाळ्यात डिरेलरकडे वळणारा शेवटचा तुकडा सगळ्यात आधी गंजतो, कारण पाणी आणि तांबडा चिखल तिथेच साठतो. ऑक्टोबरात निघायचं असेल तर सप्टेंबरात तार आणि आऊटर दोन्ही बदलावं. जुळणीची शंका घेण्याआधी हा खर्च करावा, तो सगळ्यात कमी असतो.

चेनही मोजावी, नजरेने ठरवू नये. स्टीलची फूटपट्टी एका पिनेच्या मध्यावर शून्य धरून ठेवायची. नव्या चेनवर बरोबर बारा इंचांवर दुसऱ्या पिनेचा मध्य येतो. तो इंचाचा सोळावा भाग पुढे गेला असेल तर चेन बदलायची, आठवा भाग गेला असेल तर कॅसेटही झिजली असं समजायचं. झिजलेल्या कॅसेटवर नवी चेन जोर दिला की दात्यांवरून उडी मारते. हे घडतं चढावर, उभं राहून पायडल मारताना.

नवी जुळणी झाली की ती सामानासकट तपासावी. रिकाम्या सायकलीवर सुरळीत पडणारे गिअर भारात कुरकुरतात, कारण चेनवरचा ताण वाढतो. बोरिवलीकरांना कान्हेरीचा रस्ता जवळ आहे, मुलुंडकरांना येऊरचा, अंधेरीकरांना आरेतले चढउतार. पॅनियरमध्ये तांदळाच्या पिशव्या भरून तिथे जावं. सगळ्यात हलक्या गिअरला जाताना डिरेलर आऱ्यांकडे कलतो. एल लिहिलेला स्क्रू तिथली हद्द ठरवतो आणि तो सैल असेल तर चेन चक्र ओलांडून आऱ्यांत जाते. पंधरा किलो सामानासह हे झालं तर आरे, डिरेलर आणि हँगर तिन्ही एकदम जातात.

हँगर हा फ्रेम आणि डिरेलर यांच्यामधला मऊ ॲल्युमिनियमचा तुकडा, जवळजवळ प्रत्येक सायकलीचा वेगळा. तो मुद्दाम मऊ असतो, म्हणजे पडझडीत फ्रेमऐवजी तो वाकावा. एक जादा हँगर पॅनियरच्या तळाशी ठेवावा, सोबत गिअरची एक इनर तार आणि चेनची एक जोडकडी. हँगर वाकतो तो रस्त्यापेक्षा परतीच्या गाडीत जास्त. रत्नागिरी किंवा मडगावहून सायकल पार्सलच्या डब्यात टाकली की तिच्यावर इतर सामान येतं. गाडीवर चढवण्याआधी चेन मागच्या लहान चक्रावर आणायची, पाच मिलिमीटरच्या ॲलन कीने डिरेलर हँगरवरून सोडवायचा, जुन्या टीशर्टात गुंडाळून फ्रेमच्या मागच्या त्रिकोणात आत बांधायचा. तार सोडायची गरज नाही. घरी येऊन बसवताना पहिले दोन-तीन आटे हातानेच फिरवायचे, पाना नंतर. वाकड्या आट्यात पान्याने जोर लावला तर हँगरचे आटे जातात, आणि तो जादा हँगर रस्त्यात न लागता घरी लागतो.